पाण्यातलं प्रतिबिंब चित्रात नीट कसं उतरवायचं: रंकाळ्यावर किंवा घाटावर बसून करायची पद्धत

रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कठड्यावर चित्रं काढत बसलेल्यांच्या पॅडकडे पाहिलं की तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वरचा अर्धा भाग मन लावून काढलेला असतो. झाडं, इमारत, मागचा डोंगर सगळं जागच्या जागी. आणि मग काठाच्या रेघेवर कागदाची घडी घातल्यासारखं तेच सगळं खाली उलटं उतरवलेलं असतं. चित्र काही केल्या पाण्यासारखं दिसत नाही, म्हणून त्यावर निळे-पांढरे आडवे फराटे मारले जातात आणि होतं तेही बिघडतं.

हात चांगला असलेल्यांचीही चित्रं इथेच फसतात, कारण गडबड समजुतीत आहे. पाण्यात दिसणारं दृश्य काठावरच्या दृश्याची उलटी नक्कल नसतं. ते दुसऱ्या जागेवरून पाहिलेलं दृश्य असतं. ती जागा कुठली हे कळलं की बाकीचं जमायला वेळ लागत नाही. पण टप्पे क्रमाने घ्या. पेन्सिलीचं काम पुरतं झाल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

सुरुवातीला एक नियम

प्रकाशाचा किरण पाण्याच्या सपाट पृष्ठभागावर ज्या कोनात येतो, त्याच कोनात परत फिरतो. शाळेत शिकलेली एवढीच गोष्ट इथे पुरते. त्यातून निघतं ते असं: एखादी वस्तू पाण्याच्या पातळीपासून जितकी वर, तितकीच तिची प्रतिमा त्या पातळीच्या खाली, बरोबर तिच्या पायाखाली.

आता हाच नियम बघणाऱ्याच्या बाजूने लावा. तुमचा डोळा पाण्यापासून ३ मीटर वर असेल, तर पाण्यात तुम्हाला जे दिसतं ते पाण्याच्या पातळीखाली ३ मीटरवर ठेवलेल्या डोळ्याला दिसलं असतं तसं दिसतं, फक्त वरची बाजू खाली होऊन. मधलं पाणी आणि त्याखालची जमीन नाहीच असं समजायचं. या लेखात मी त्याला ‘खालचा डोळा’ म्हणणार आहे. पाण्यात काय दिसेल असा प्रश्न पडला की दर वेळी खालच्या डोळ्याला विचारायचं.

घरी एकदा करून बघा. टेबलावर आरसा आडवा ठेवा. त्याच्या पलीकडच्या कडेला काडेपेटी उभी करा आणि तिच्यामागे वीतभर अंतरावर थोडा उंच डबा ठेवा. डोळा डब्याच्या झाकणाहून जरा वर ठेवून पाहा. समोर बघताना डब्याचं झाकण दिसतं, आरशात ते दिसत नाही. आता डोळा हळूहळू वर न्या. समोर काडेपेटीच्या वर दिसणारा डबा वाढत जाईल, आरशात मात्र तो काडेपेटीआड कमी कमी होत जाईल. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रंकाळ्यावर जाऊ नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

तयारी: वेळ, जागा, सामान

*वेळ.* आरशासारखं पाणी हवं असेल तर सूर्योदयाच्या आसपास पोहोचा. रात्री जमीन थंड झालेली असते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होऊन स्वस्थ पडलेली असते. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर-खाली होऊ लागते आणि वारा सुटतो. हिवाळ्यात आपल्याकडे सातच्या सुमारास उजाडतं, त्यामुळे साडेसहाला जागेवर असणं उत्तम. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात भरवशाचा काळ.

पंचगंगा नदीचं गणित थोडं वेगळं आहे. पावसाळ्यात ती वाहती आणि गढूळ. पाऊस सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात, पाणी अडतं, आणि राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला घाटापाशी ते संथ होतं. नदीवर प्रतिबिंबाचा अभ्यास करायचा तर तेव्हा जा.

*दिशा.* रंकाळ्यावर चौपाटीच्या बाजूने पश्चिमेकडे तोंड करून बसलात तर सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असतं. समोरचा काठ उजळलेला, म्हणून प्रतिबिंबही स्वच्छ. संध्याकाळी त्याच जागेवरून सगळं काळ्या आकारांत दिसतं. नवशिक्यांनी सकाळच घ्यावी. संध्याकाळचं सोनेरी पाणी मोहात पाडतं, पण त्यात आकार शिकता येत नाहीत.

*उंची.* हा मुद्दा बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. घाटाच्या खालच्या पायरीवर बसलात तर डोळा पाण्याच्या जवळ येतो, वरचं दृश्य आणि खालचं दृश्य जवळजवळ सारखं होतं. वरच्या पायरीवर किंवा पुलावर गेलात की दोन्हींतला फरक वाढत जातो. पहिली काही चित्रं खालून करा.

*सामान.* पॅड, २बी पेन्सिल, मोजपट्टी, अर्धी भरलेली पारदर्शक पाण्याची बाटली, एक दोरा आणि त्याला बांधलेलं छोटं वजन. रंगवणार असाल तर ३०० जीएसएमचा कागद. फोनमध्ये नकाशाचं अ‍ॅप हवं, अंतर मोजायला.

सावधान: पोलराइज्ड गॉगल लावून बसू नका. पाण्यावरून परतणारा प्रकाश बऱ्याच अंशी आडवा ध्रुवित असतो आणि तो गॉगल नेमका तोच अडवतो. साधारण ३७ अंश खाली बघताना तर प्रतिबिंब जवळजवळ पुसलंच जातं.

टप्पा १: क्षितिजरेघ आणि काठाची रेघ

कागदावर पहिली रेघ काठाची काढायची नाही. पहिली रेघ तुमच्या डोळ्याच्या पातळीची, म्हणजे क्षितिजरेघ. ती झाडांमागे, घरांमागे लपलेली असली तरी ती आहेच. बाटली डोळ्यासमोर धरा आणि आतल्या पाण्याचा पृष्ठभाग एकच रेघ दिसेपर्यंत वर-खाली करा. ती रेघ समोरच्या दृश्यात जिथे लागते ती तुमची पातळी. समोरच्या इमारतीवर कुठे लागते ते लक्षात ठेवा आणि कागदावर हलकी रेघ मारा.

मग पलीकडच्या काठाला पाणी टेकतं तिथली रेघ. तळ्याच्या पलीकडचा काठ तुमच्यापासून तिरका दूर जात असला तरी दुरून तो जवळजवळ आडवाच दिसतो. ती रेघ तिरकी काढली की पाणी उताराला लागल्यासारखं दिसतं. मोजपट्टी कागदाच्या कडेला लावून बघा.

तपासणी: काठाची रेघ क्षितिजरेघेच्या खालीच हवी. दोन्ही एकावर एक आल्या असतील तर तुमचा डोळा पाण्याच्या पातळीवर आहे असा त्याचा अर्थ, आणि तुम्ही तर कठड्यावर बसला आहात.

टप्पा २: काठालगतच्या वस्तू

पाण्यातच उभ्या असलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा. रंकाळ्यात संध्यामठ आहे. पाणी भरलं की तो बराचसा बुडतो, ओसरलं की खांबांसह उघडा पडतो. पाणी त्याला जिथे टेकलेलं आहे तिथून वरच्या कडेपर्यंतची उंची कागदावर मोजा आणि तेवढीच खाली घ्या. खाली घेताना दोरा लोंबता धरून बघा. प्रतिमा कागदावर बरोबर उभ्या रेघेत खाली येते, तुम्ही समोर बसा किंवा बाजूला. मठाचं प्रतिबिंब उन्हाच्या दिशेने कललेलं मी कितीतरी चित्रांत पाहिलं आहे. उन्हाने कलते ती सावली. प्रतिबिंबाचा सूर्याशी संबंध नाही, ते बघणाऱ्याकडे सरळ खाली येतं.

उंची मोजताना सुरुवात पाण्याच्या पातळीपासून करायची. वस्तूचा पाया दगडी कठड्यावर असेल, तर कठड्याची उंचीही त्यात धरायची.

टप्पा ३: काठामागच्या वस्तू, आणि प्रत्येकाची वेगळी घडी

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. इथे घाई करू नका.

घडी म्हणजे अशी रेघ, जिच्यापासून वस्तू जितकी वर तितकंच तिचं प्रतिबिंब खाली. काठाची रेघ ही फक्त काठावरच्या वस्तूंची घडी आहे. मागच्या इमारतीची घडी त्याहून वर येते, डोंगराची आणखी वर, आणि आकाशाची थेट क्षितिजरेघेवर. सूर्य क्षितिजाच्या १० अंश वर असेल, तर पाण्यातला सूर्य क्षितिजाच्या १० अंश खाली दिसतो. मधल्या प्रत्येक वस्तूची घडी काठ आणि क्षितिज यांच्यामध्ये कुठेतरी असते.

ती शोधायची रीत सोपी आहे. फोनवर तुमच्यापासून पलीकडच्या काठाचं अंतर मोजा, आणि तुमच्यापासून वस्तूचं अंतर मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. क्षितिजरेघेपासून काठाच्या रेघेपर्यंत कागदावर जितकं अंतर आहे, त्याला या संख्येने गुणा. क्षितिजरेघेच्या खाली तेवढ्यावर त्या वस्तूची घडी.

उदाहरण घेऊ. डोळा पाण्यापासून ३ मीटर वर. समोर १०० मीटरवर काठाला ८ मीटर उंच झाड. त्याच्यामागे, तुमच्यापासून १ किलोमीटरवर, पाण्याच्या पातळीपासून ६० मीटर उंच टेकडी. कागदावर क्षितिज ते काठ २० मिलिमीटर घेतलं, तर मापं अशी येतात:

झाडाचा शेंडा क्षितिजाच्या ३३ मिलिमीटर वर, टेकडीचा माथा ३८ मिलिमीटर वर. म्हणजे समोर बघताना झाडाच्या वर टेकडी डोकावते आहे.

झाडाची घडी काठावरच. त्याची घडीपासून उंची ५३ मिलिमीटर, म्हणून प्रतिबिंब काठाच्या खाली ५३ मिलिमीटर उतरतं.

टेकडीची घडी क्षितिजाच्या खाली फक्त २ मिलिमीटर, कारण १०० भागिले १००० म्हणजे एक दशांश. घडीपासून माथा ४० मिलिमीटर. तेवढंच खाली गेलं की टेकडीचं टोक काठाच्या खाली जेमतेम २२ मिलिमीटरवर येतं.

म्हणजे पाण्यात टेकडी झाडाआड पूर्ण गडप. समोर दिसते, पाण्यात दिसत नाही. काठावर घडी घालणारा माणूस मात्र टेकडी ५८ मिलिमीटर खाली नेतो आणि ती पाण्यातही झाडापलीकडे डोकावते. बघणाऱ्याला काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेससारखी इमारत काढताना हाच हिशेब. ती पाण्यातून उभी राहिलेली नाही, पुढे बाग आहे, झाडं आहेत. समजा तळं २०० मीटर रुंद, काठ पाण्यापासून २ मीटर उंच, आणि इमारत काठामागे २० मीटर. तुमचा डोळा ३ मीटरवर असेल तर काठाआड इमारतीचा फक्त खालचा अर्धा मीटर पाण्यात झाकला जातो. तुम्ही एखाद्या उंच गच्चीवर, पाण्यापासून २० मीटर वर गेलात तर २ मीटरहून जास्त भाग झाकला जातो. छोट्या तळ्यावर परिणाम आणखी ठळक. ३० मीटर रुंदीचं तळं, तोच २ मीटरचा काठ, डोळा ३ मीटरवर आणि १० मीटर मागे देऊळ: देवळाचा खालचा दीड मीटरहून जास्त भाग पाण्यात येतच नाही. दारासमोर माणूस उभा असेल तर प्रतिबिंबात त्याचं डोकं तेवढं दिसेल.

तपासणी: पाण्यात इमारतीचा पाया दिसतो का? दिसत असेल आणि ती काठापासून मागे असेल, तर घडी चुकली आहे.

टप्पा ४: खालच्या डोळ्याला दिसणारे पृष्ठभाग

आता आकारांच्या आत जा. वस्तूची वरची बाजू तुम्हाला दिसते, खालची बाजू खालच्या डोळ्याला.

*पायऱ्या.* पलीकडच्या घाटाच्या पायऱ्या पाहा. तुमच्या डोळ्याखालच्या पायऱ्यांच्या वरच्या सपाट पट्ट्या तुम्हाला दिसतात, आणि ऊन त्यांच्यावरच पडलेलं असतं. खालच्या डोळ्याला त्या पट्ट्या दिसतच नाहीत, फक्त उभे दगड दिसतात. म्हणून पाण्यातला घाट वरच्या घाटापेक्षा काळसर असतो आणि त्यातल्या उजळ पट्ट्या गायब असतात. पंचगंगेच्या घाटाची चित्रं फसतात ती मुख्यतः इथे. उजळ-गडद, उजळ-गडद असे पट्टे जसेच्या तसे खाली उतरवलेले असतात.

*कमानी.* पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाच्या दगडी कमानी बघताना कमानीचा आतला पोटाचा भाग वर जेवढा दिसतो, त्याहून जास्त पाण्यात दिसतो. पुलाच्या पातळीला चढलात तर वर तो दिसेनासा होतो, पाण्यात तरीही दिसतो. आणि कमान अधिक प्रतिबिंब म्हणजे पूर्ण वर्तुळ असं गृहीत धरू नका. अर्धगोल कमान नेमकी पाण्यातूनच सुरू होत असेल तरच गोल पुरा होतो. खांब पाण्याबाहेर असतील तेव्हा कमान आणि तिचं प्रतिबिंब यांच्यामध्ये खांबांचा सरळ उभा तुकडा येतो, खांब पाण्याबाहेर जेवढा आहे त्याच्या दुप्पट लांबीचा. पाणी जसं ओसरेल तसा तो वाढतो.

*म्हैस आणि होडी.* पाण्यात उतरलेल्या म्हशीची पाठ वर चमकते. खाली तिची हनुवटी, गळा आणि शिंगांची खालची बाजू. पाठीची चमक खाली उतरवली की म्हैस पत्त्यावरच्या राणीसारखी दोन्हीकडून सारखी होते. होडीचंही तसंच. वरून तिच्या आतल्या फळ्या दिसतील, पाण्यात फक्त बाहेरचं पोट.

*कललेल्या वस्तू.* तुमच्याकडे झुकलेला बांबू समोर आखूड दिसतो, पाण्यात लांब. पलीकडे झुकलेला समोर लांब, पाण्यात आखूड. डावी-उजवीकडे कललेला मात्र दोन्हीकडे सारखा, फक्त उलटा. कललेल्या वस्तूसाठी तिच्या टोकापासून सरळ खाली पाण्याच्या पातळीवर बिंदू शोधा आणि तिथून मोजा. बांबू पाण्यात रोवला आहे तिथून मोजायचं नाही.

पेन्सिलीचं काम इथे संपतं. कागद हातभर लांब धरा आणि काठाच्या रेघेच्या वरचा भाग हाताने झाका. उरलेला भाग खालून वर बघितल्यासारखा वाटला पाहिजे. तसं वाटत नसेल तर रंग उघडू नका.

टप्पा ५: उजेड किती परततो

पाणी चांदीच्या आरशासारखं सगळा प्रकाश परत करत नाही. किती परत करेल हे तुम्ही किती खाली बघता यावर ठरतं. अगदी सरळ खाली बघितलं तर सुमारे २ टक्के. क्षितिजाखाली ३० अंशांवर ६ टक्के. १० अंशांवर ३५ टक्के. ५ अंशांवर ५८ टक्क्यांच्या आसपास. उरलेला प्रकाश पाण्यात शिरतो.

डोळा पाण्यापासून दीड मीटरवर असेल तर ३० अंशांची जागा तुमच्यापासून अडीच मीटरच्या थोडी पुढे, १० अंशांची साडेआठ मीटरवर, ५ अंशांची १७ मीटरवर येते. डोळा दुप्पट उंच असेल तर ही अंतरंही दुप्पट. म्हणजे तुमच्या पायाजवळच्या पाण्यात पाण्याचा स्वतःचा रंग, तळाचे दगड, शेवाळ दिसणार, आणि दूरच्या पाण्यात काठ नि आकाश. कागदाच्या तळापासून वरपर्यंत हा बदल हळूहळू यायला हवा. सगळीकडे एकाच ताकदीचं प्रतिबिंब काढलं की पाण्याऐवजी काच दिसते.

रंग मिसळताना दोन गोष्टी धरून ठेवा.

उजळ वस्तू पाण्यात थोड्या गडद होतात, कारण काही प्रकाश पाण्यात गेला. गडद वस्तू पाण्यात थोड्या उजळ होतात, कारण पाण्याच्या आतून येणारा उजेड त्यांच्यात मिसळतो. काळी सावली, काळा दगड, झाडाचा गाभा पाण्यात कधीच तितका काळा नसतो. रंकाळ्याच्या पाण्यात हा आतला उजेड हिरवट, पावसाळ्यातल्या पंचगंगेत तांबूस-मातकट. तोच रंग प्रत्येक मिश्रणात थोडा टाका.

आकाशाचं प्रतिबिंब क्षितिजालगत आकाशाइतकं उजळ, तुमच्याकडे येताना गडद. वर आकाश जसं रंगवलं तसंच खाली फिकट ठेवलं तर पाणी वर उचललं जातं.

तपासणी: डोळे बारीक करून समोर बघा. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळा ठिपका, दोन्ही काठाच्या वर सापडायला हवेत. अपवाद एकच, सूर्याची चमक थेट पाण्यावर येत असेल तेव्हा.

टप्पा ६: हललेलं पाणी

पूर्ण स्वस्थ पाणी थोडा वेळच मिळतं. हलकी झुळूक आली की प्रतिबिंब पसरतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. बारीक लाट तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर जराशी झुकली तरी प्रतिमा वर-खाली बरीच सरकते. ती आडवी झुकली तर दुरून बघताना डावी-उजवीकडे फारच थोडी सरकते. म्हणून खांब, दिवे, झाडांचे बुंधे लांब उभ्या पट्ट्या होऊन टिकतात आणि छताच्या, कठड्याच्या आडव्या रेघा आधी विरतात.

चित्रात याचा अर्थ: पाणी हलतं दाखवायचं असेल तर उभं ठेवा, आडवं सोडा. नवशिके उलट करतात. छताची रेघ नागमोडी काढतात आणि खांब पुसून टाकतात.

आणखी एक. लाटेचा जो उतार तुमच्याकडे तोंड करून असतो तो तुम्हाला जास्त दिसतो, आणि तो वरचं आकाश दाखवतो. म्हणून वारा वाढला की दूरच्या बुटक्या काठाचं प्रतिबिंब आधी नाहीसं होतं आणि पाणी क्षितिजावरच्या आकाशापेक्षा गडद, वरच्या आकाशाच्या रंगाचं होतं.

झुळुकीचे पट्टे काढाल तर दूर बारीक, जवळ रुंद. केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची, बेटंही तशीच. ती पाणी आडवं पसरल्याचं सांगतात, त्यामुळे हाताशी असतील तर टाळू नका. केंदाळाच्या पानांची स्वतःची छोटी काळसर प्रतिमा लगेच खाली द्या, आणि त्याच्या जागी इमारतीचं प्रतिबिंब तोडा.

सावली वेगळी ठेवा. स्वच्छ, खोल पाण्यावर सावली जवळजवळ दिसत नाही. गढूळ पाण्यावर दिसते, कारण मातीचे कण ऊन अडवून उजळतात आणि सावलीत ते उजळत नाहीत. सावलीच्या भागात पाण्याचा आतला उजेड कमी होतो, म्हणून तिथे प्रतिबिंब उलट जास्त स्पष्ट दिसतं.

टप्पा ७: जलरंगाचा क्रम

१. वरची इमारत आणि तिचं प्रतिबिंब एकाच बैठकीत रंगवा. वरचा रंग मिसळतानाच दुप्पट करा, अर्धा वेगळा काढून त्यात पाण्याचा रंग घाला. नंतर तोच रंग पुन्हा जुळवता येत नाही.

२. पाण्याचा पूर्ण भाग स्वच्छ पाण्याने ओला करा. चमक जाऊन कागद नुसता ओलसर दिसू लागला की आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, द्या, वर फिकट, खाली गडद.

३. तो ओला असतानाच प्रतिबिंबाचे रंग चपट्या ब्रशने वरून खाली ओढा. ब्रश खालून वर नेऊ नका. हिवाळ्यात पहाटे दवामुळे कागद सावकाश वाळतो, तेव्हा धीर धरा. एप्रिलमध्ये त्याच कामाला मिनिटं कमी पडतात, म्हणून पाण्याचा भाग निम्मा निम्मा करून रंगवा.

४. पूर्ण वाळू द्या. बोटाच्या मागच्या बाजूने कागद गार लागतो का बघा. गार लागला तर अजून ओल आहे.

५. शेवटी आडव्या गोष्टी: एखादा झुळुकीचा पट्टा, काठाची बारीक काळी रेघ, चमकेसाठी ब्लेडने हलका ओरखडा. तीन-चार पुरेत. पाणी तयार होतं ते तिसऱ्या पायरीत. पाचव्या पायरीत पाणी तयार करायला गेलं की चित्र फराट्यांनी भरतं.

मध्येच वारा सुटला तर

पेन्सिलीचं काम चालू ठेवा, मापं वाऱ्याने बदलत नाहीत. रंगवायला घेतलेलं असेल तर तुम्ही सुरू केलेलं पाणीच पुरं करा. अर्धं स्वस्थ नि अर्धं हललेलं असं मिसळू नका. आठवणीसाठी फोनमध्ये फोटो घ्या, पण फोन उभा आणि सरळ धरा. खाली किंवा वर झुकवून काढलेल्या फोटोत वरची नि खालची मापं जुळत नाहीत, आणि त्यावरून घरी बसून घडी शोधाल तर चुकेल.

कागदाच्या मागे तारीख, वेळ, डोळ्याची पाण्यापासूनची अंदाजे उंची आणि पाणी कुठल्या पायरीला टेकलं होतं ते लिहा. पुढच्या रविवारी घाटावर गेलात आणि पाणी दोन पायऱ्या खाली गेलेलं असेल, तर सगळ्या घड्या पुन्हा मोजाव्या लागतात.